तळ्यावरची लाल पाटी

"आमच्या तळ्याचं पाणी म्हणजे आरसा आहे, आरसा," असं बाटलीसाहेब म्हणायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तळं यांनीच खणलंय, यांनीच भरलंय आणि रोज संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी फडक्याने पुसूनही ठेवतात. खरं तर तळं त्यांच्या आजोबांच्या जन्माआधीपासून तिथे होतं आणि स्वतःची काळजी घ्यायला समर्थ होतं. साहेबांचं काम एवढंच, की उन्हाळ्यात लोक जिथे जिथे पोहायला उतरतात तिथलं पाणी बाटलीत भरायचं, प्रयोगशाळेत पोचवायचं आणि निकाल येईल त्याप्रमाणे काठावर पाटी लावायची. हिरवी पाटी म्हणजे खुशाल उतरा. लाल पाटी म्हणजे काठावर बसून पाय हलवा, पण तेही कोरड्यात.

नगरपालिकेत त्यांच्या हुद्द्याला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशी सोडलं तर कुणाला आठवत नसे. खांद्याला थंड पेटी, पेटीत बाटल्या, म्हणून गावभर ते बाटलीसाहेब. नव्या माणसाचा या नावाने भलताच समज व्हायचा, पण साहेबांच्या पायांकडे नजर गेली की तो फिटायचा. त्यांच्या पायात मांडीपर्यंत येणारे भडक केशरी रंगाचे रबरी बूट असत. ऑफिसने मागवले होते काळे, आले केशरी. परत पाठवायचा कंटाळा म्हणून ते साहेबांच्या गळ्यात, म्हणजे पायात पडले. दुसरा कुणी लाजला असता. साहेब मात्र ते बूट अशा थाटात घालत, जणू समारंभ करून कुणी बहाल केलेत. सबंध पंचक्रोशीत असा जोड दुसरा नव्हता.

आणि बाटली भरणं हे त्यांच्या मते कुणाही सोम्यागोम्याचं काम नव्हतं. धक्क्याच्या उजव्या अंगाला, गुडघाभर पाण्यात, दर वेळी अगदी त्याच जागी उभं राहायचं. उतरताना तळाचा गाळ उठतो. तो खाली बसेपर्यंत हलायचं नाही. मग बाटली उपडी धरून कोपरापर्यंत आत न्यायची, तिथेच सुलटी करायची आणि पाण्याखालीच बूच लावायचं. इतर तपासनीस गाळ बसायची वाट बघत नाहीत, याचं साहेबांना मनापासून वाईट वाटे. ते स्वतः चांगला अर्धा तास उभे राहात. सोबतीला तळ्यावरची दोन-चार बदकं, पाण्यावर कोवळं ऊन, आणि वर सरकारी पगार. माणसाला आणखी काय पाहिजे?

"घाईने भरलेली बाटली म्हणजे नुसती अफवा," ते म्हणत. "नीट भरा, मग बघा. पाणी खोटं बोलत नाही."

हे वाक्य ते सगळ्यात जास्त वेळा ज्याला ऐकवत तो म्हणजे पलीकडचा. तळ्याचा समोरचा काठ शेजारच्या गावाचा होता. तिथलाही एक तपासनीस होता आणि त्याच्या काठावर उन्हाळ्यात एकदा तरी लाल पाटी लागायचीच. लागली, की साहेब त्याला आवर्जून फोन करत. "शिस्त लागते हो शिस्त," असं सांत्वन करत. पलीकडचा दात-ओठ खाऊन आभार मानत असे.

घरीही सगळं आलबेल होतं. मागच्या तपासणीत साहेबांच्या रक्तात साखर जरा वर सरकलेली निघाली, तेव्हापासून बायकोने त्यांच्या डब्याचा ताबा घेतला होता. डब्यात रोज कोंड्याच्या पावाचे जाड जाड काप. हा पाव चावायला लागलं, की शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर करून बघत असे. पण रोज दुपारी डबा चाटूनपुसून रिकामा येई आणि बायकोला नवऱ्याचं कौतुक वाटे. "मला वाटलं नव्हतं तुम्ही इतकं मनावर घ्याल," ती म्हणे. डबा नेमका कसा रिकामा होतो याची चौकशी तिने केली नाही. आपणही तूर्त करायला नको.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे तिचे वडील, बाबा. सारी नोकरी अग्निशमन दलात काढलेली, त्यामुळे त्यांचा आवाज अजूनही तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला उडी मारायला सांगावं इतपत मोठा. रोज सकाळी समवयस्कांच्या टोळीबरोबर ते तळ्यावर पोहायला जात. दर उन्हाळ्यात एका ठरलेल्या रविवारी ही टोळी तळ्याच्या मध्यावरच्या लाकडी तराफ्यापर्यंत पोहत जाई, त्याला हात लावी आणि परत येई. बक्षीस नाही, पंच नाही. पण परत आलेला माणूस पुढचं वर्षभर मान ताठ ठेवून चालत असे.

मागच्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सगळी टोळी पाण्यात आणि हे काठावर खुर्चीत, मांडीवर सगळ्यांचे टॉवेल. त्या दिवशी घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत, आणि बाबा बोलले नाहीत म्हणजे काय हे घराला ठाऊक होतं. यंदा मात्र त्यांनी जिद्दीने पाय कमावला होता. डॉक्टर म्हणाले, "यंदा जा. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू." त्या वयात डॉक्टरांच्या 'बघू'चा अर्थ माणसाला न सांगता कळतो. म्हणून बाबांच्या लेखी तो रविवार हाच एक रविवार उरला होता. पांढरी पोहायची टोपी त्यांनी आठवडाभर आधीच दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवली होती.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला.

"साहेब, मोठं तळं लाल."

"कुठलं मोठं तळं?" साहेबांनी विचारलं. गावात मोठं तळं एकच होतं.

"तुमचंच. प्लेटवर ठिपकेच ठिपके आलेत. पोटातले जंतू आहेत. कुणाच्या तरी पोटातले."

"बाटल्या बदलल्या असतील."

"बाटलीवर तुमचं अक्षर आहे, साहेब. ते दुसऱ्या कुणाला काढता येत नाही."

साहेब ताडकन उठले, बूट चढवले आणि पुन्हा तळ्यावर गेले. पुन्हा त्याच जागी, पुन्हा अर्धा तास, गाळ बसू दिला, बाटली भरली. दुसऱ्या दिवशीचा निकाल पहिल्यापेक्षा वाईट आला. नियम म्हणजे नियम. साहेबांनी स्वतःच्या हाताने हिरवी पाटी उतरवली आणि लाल पाटी ठोकली. शेवटचा खिळा मारताना मागे पाहिलं तर बाबा खांद्यावर टॉवेल टाकून उभे.

"हे काय आहे, जावईबापू?"

"पाणी बिघडलंय, बाबा."

"रविवारपर्यंत?"

"लागोपाठ दोन बाटल्या चांगल्या आल्या, की काढतो. पाणी खोटं बोलत नाही."

बाबांनी पाटीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि काही न बोलता घराकडे वळले. रात्री जेवताना ते मुलीला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे सरकव." नवरा हाताच्या अंतरावर बसला होता. त्याने मुकाट्याने मीठ सरकवलं.

आता साहेबांनी कंबर कसली. पाण्यात घाण आहे म्हणजे ती कुणीतरी करतंय, आणि करणारा सापडल्याशिवाय राहणार नाही, असं त्यांनी ठरवलं. पहिला संशय कुत्र्यांवर गेला. काठावर कुत्री आणायला बंदी झाली. एक बाई गेली कित्येक वर्षं आपलं म्हातारं, आंधळं कुत्रं तिथे फिरवत असे. ती म्हणाली, "त्याला तळं कुठे आहे हेसुद्धा दिसत नाही हो." साहेबांनी ऐकलं नाही. दुसरा संशय काठावरच्या चहावालीच्या मोरीवर. तिची मोरी सिमेंटने बुजवली. चहावालीने चहा बंद केला आणि खुर्ची टाकून, हाताची घडी घालून, साहेबांकडे बघत बसायला सुरुवात केली.

तिसरा संशय थेट पोहणाऱ्यांवर आला. बुधवारी सकाळी बाबांची टोळी नेमाने काठावर येऊन लाल पाटीकडे बघत उभी होती. साहेबांनी तिथेच त्यांना गाठलं.

"मंडळी, राग मानू नका. पण आपण पाण्यात उतरण्यापूर्वी साबण लावून आंघोळ करता का?"

टोळीत एक निवृत्त दंतवैद्य होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "म्हणजे हे आमच्या पोटातलं आहे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी तसं म्हटलं नाही. प्लेट म्हणते."

"माझ्या तोंडात आजवर कुणी असं बोललं नव्हतं," दंतवैद्य म्हणाले. त्यांना 'तोंडावर' म्हणायचं असावं, पण सवय.

एकाने मधला मार्ग काढून बघितला. "अहो, घरचीच गोष्ट आहे. रविवारी सकाळी दोन तास पाटी उतरवून ठेवा, मग लावा परत. कुणाला कळणार आहे?"

यावर साहेब काही बोलण्याआधी बाबा गरजले, "आग नाही असं सांगितल्याने आग विझत नसते. पाटी राहू दे." एवढं बोलून ते जावयाकडे न बघता निघून गेले.

साहेबांच्या मनाला हे फार लागलं. बाबांनी आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. त्या दिवशी घरी आले तर दारामागच्या खुंटीवर टोपी नव्हती.

"कपाटात ठेवली त्यांनी," बायको म्हणाली. "म्हणाले, उगाच धूळ बसते."

साहेबांना तिथल्या तिथे गलबलून आलं. सासऱ्यांशी त्यांचं कधी लाडीगोडीचं बोलणं नव्हतं, पण हा माणूस आपल्याला आवडतो आणि याचा रविवार आपल्या पाटीने खाल्लाय, हे त्यांना एकदम स्वच्छ कळलं. त्यांनी ठरवलं, आता दिवसातून एकदा नाही, दोनदा बाटली भरायची. जास्त वेळ उभं राहायचं. कारण शोधूनच थांबायचं.

त्याचा उलटाच परिणाम झाला. साहेब जितक्या वेळा पाणी तपासत, तितकं ते जास्त बिघडत चाललं. बाईंचे फोन येत राहिले.

"साहेब, काल ठिपके मोजता येत होते. आज प्लेटच एक ठिपका झालीय."

"तळ्यावर चिटपाखरू नाही हो. माणूस नाही, कुत्रं नाही, मोरी बंद. मी एकटाच असतो तिथे."

"एकटेच?"

"एकटाच."

बाईंनी ते कुठेतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं."

भरीस भर म्हणून पलीकडच्याचा फोन आला. त्याच्या काठावर हिरवी पाटी डौलात उभी होती. "ऐकून फार वाईट वाटलं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंद नुसता उतू चालला होता. "काही लागलं तर सांगा. आणि एक सुचवू का? शिस्त." साहेबांनी दात-ओठ खाऊन आभार मानले.

शुक्रवारी दुपारी बाईंनी फोन केला तो मात्र निराळ्या सुरात. "साहेब, रागावू नका. काल ऑफिस सुटल्यावर घरी जाताना मी सायकल थांबवून तुमच्या त्याच जागेची एक बाटली भरली. पाणी स्वच्छ आहे. लहान मूल उतरवावं इतकं स्वच्छ."

जीव भांड्यात पडावा अशी ही बातमी, पण साहेबांचा ताठा आडवा आला. "गाळ बसू दिला होतात?"

"मी धक्क्यावरून वाकून भरली. गाळ उठलाच नाही."

"मग ती बाटली धरता येणार नाही. त्याला पद्धत असते."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी मी येते. तुम्ही तुमच्या पद्धतीने भरा. मी नुसती बघते."

शनिवारी सकाळी साहेब इतक्या घाईत घराबाहेर पडले, की डबाही टेबलावर राहिला. तळ्यावर पोचले तर बाई सायकल टेकवून उभ्याच होत्या. बातमी कशी पसरली कोण जाणे, पण बाबांची टोळीही आली होती, आंधळ्या कुत्र्याची बाई कुत्र्याशिवाय आली होती आणि चहावाली आपल्या खुर्चीत होतीच. तळं निवांत पडलं होतं. पाण्यावर काही म्हणजे काही हलत नव्हतं.

साहेबांनी गाडीचं दार लावलं. ते दार जुनं होतं, लावताना कर्र करून किंचाळायचं.

पलीकडच्या लव्हाळ्यातून एक बदक बाहेर आलं. मागोमाग दुसरं. मग धक्क्याखालून एक सबंध कुटुंब निघालं. मग समोरच्या काठावरून एक थवाच उठला आणि पाण्यावर पाय घासत खाली उतरला. साहेब धक्क्याच्या पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात पोचेपर्यंत त्यांच्याभोवती बदकांचं संमेलन भरलं होतं. मागची पुढच्यांना ढकलत होती. सगळ्यांच्या माना साहेबांच्या हातांकडे वळलेल्या.

"ही तुमच्या ओळखीची आहेत का?" बाईंनी काठावरून विचारलं.

"छे हो. तळं म्हटलं की बदकं असायचीच," साहेब म्हणाले आणि गाळ बसायची वाट बघत पुतळ्यासारखे उभे राहिले.

बदकंही वाट बघत राहिली. आता बदक वाट बघताना स्वस्थ बसतं असं नाही. ते खात असतं तेव्हा, आणि खायची वाट बघत असतं तेव्हाही, त्याचं एक काम अखंड चालू असतं. शेपटी किंचित वर, झालं. शेजारचं बदक, तेच. साहेबांच्या केशरी बुटांभोवतीचं पाणी हळूहळू पांढुरकं होत गेलं. त्यात साहेब, शास्त्रशुद्ध पद्धतीने, बाटली उपडी धरून कोपरापर्यंत हात घालायच्या तयारीत.

"थांबा, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा कापत होता. हसू दाबल्यामुळे कापत होता, हे साहेबांच्या उशिरा लक्षात आलं.

नेमक्या त्याच वेळी, टेबलावर राहिलेला डबा हातात घेऊन बायको काठावर आली. "अहो, डबा विसरलात."

सगळ्या माना एकदम वळल्या. क्षणात साहेबांभोवतीचं संमेलन मोडलं आणि सगळी बदकं पाण्याबाहेर येऊन, डुलत डुलत, रांग धरून बायकोच्या दिशेने निघाली. ती दोन पावलं मागे सरली. बदकं दोन पावलं पुढे गेली. तिने डबा डोक्याच्या वर धरला. बदकांनी माना वर केल्या.

बायको काही वेळ त्या वर वळलेल्या माना बघत राहिली. मग तिने गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"यांना हा डबा ओळखू कसा येतो?"

साहेबांनी रिकाम्या बाटलीला बूच लावलं. पाण्यात पळायलाही येत नाही.

"मी विचारतेय. रोज रिकामा येणारा डबा यांना ओळखू कसा येतो?"

"सगळा नाही देत," साहेब म्हणाले. "कडा देतो फक्त."

"कोंड्याच्या पावाला कडा सोडून असतं काय?"

"म्हणूनच," साहेब पुटपुटले.

काठावर पहिली हसली ती चहावाली. हाताची घडी सोडून, पदर तोंडाला लावून, खुर्ची हलेपर्यंत हसली. मग दंतवैद्यांना उबळ आली. आंधळ्या कुत्र्याची बाई हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "जाते, घेऊन येते त्याला." आणि बाबा? बाबा पायऱ्या उतरून पार पाण्याच्या कडेशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते साहेबांना कळेना. पाटी लागल्यापासून पहिल्यांदाच ते जावयाशी थेट बोलत होते.

"म्हणजे प्रत्येक वेळी तुम्ही यायचात, ह्यांना बोलवायचात, सगळं घाण करून घ्यायचात, आणि मग त्यातूनच बाटली भरायचात."

"तसंच दिसतंय, बाबा."

"आणि कारण सापडेना म्हणून दोनदा यायला लागलात."

"हो."

"पाणी खोटं बोलत नाही, जावईबापू," बाबा म्हणाले, आणि मग त्यांना आवरेना. असा दणदणीत हसणारा माणूस त्या तळ्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. साहेबांची इतकी शोभा कधी झाली नव्हती, आणि तरी ते हसू ऐकून त्यांना बरं वाटलं.

पण प्रश्न उरलाच होता. बाईंची एक बाटली चांगली होती, आणि ती आता साहेबांनीही धरली. आज आणखी एक चांगली आली तरच पाटी उतरणार, आणि साहेब काठावर असेपर्यंत तळ्यातलं एकही बदक हलणार नव्हतं. तेव्हा बाबांमधला जुना अग्निशामक जागा झाला. त्यांनी एकदा तळ्याकडे नजर फिरवली आणि हुकूम सोडले.

"बाई, तुम्ही तासाभराने बाटली भरा. पाणी निवळू दे. पोरी, घरात असेल नसेल तेवढा पाव घेऊन ये. जावईबापू, तुम्ही डबा घ्या आणि ते तिकडे, अगदी टोकाला जाऊन बसा. बदकं तिकडेच ठेवा. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

"उद्यापण?"

"उद्या तर सकाळपासून."

साहेब निघाले. डबा हातात, केशरी बूट फतक फतक वाजतायत, काठाकाठाने साहेब चाललेत आणि काठाला लागून पाण्यातून सगळी बदकं त्यांच्या बरोबरीने. मागून दंतवैद्य ओरडले, "आधी आंघोळ करून घ्या म्हणावं त्यांना." साहेबांनी वळून पाहिलं नाही.

रविवारी सकाळी बाईंनी स्वतः येऊन लाल पाटी उतरवली. खिळे काढायला टोळीतले चार हात पुढे आले. चहावालीने मोरीचं सिमेंट फोडून घेतलं होतं आणि सगळ्यांना चहा दिला, एकाला सोडून. तो एक पार समोरच्या टोकाला, दगडावर बसून पाव कुस्करत होता.

तिथून त्यांना माणसं ठिपक्यांसारखी दिसत होती, पण पांढरी टोपी ओळखू येत होती. ठिपके पाण्यात उतरले. काही पुढे गेले, काही मागे राहिले. पांढरी टोपी सगळ्यांच्या मागे होती.  साहेब उभे राहिले, तशी बदकंही उभी राहिली. पांढरी टोपी सावकाश, पण न थांबता सरकत होती. बाकीचे तराफ्याला हात लावून परत फिरले, तरी ती चाललीच होती. मग ती तराफ्याला टेकली. एक हात पाण्याबाहेर वर आला आणि बराच वेळ वरच राहिला. साहेबांना उद्देशून होता की नुसताच होता, ते इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. साहेबांनी दोन्ही हात वर करून हलवले. हातातला पाव उडाला आणि त्यावरून बदकांत मारामारी जुंपली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात पावाच्या चुऱ्याने भरलेले. त्यांनी ते वाहू दिलं.

दुपारी घरी जेवताना बाबा म्हणाले, "जावईबापू, मीठ द्या." साहेबांना वाटलं, या घरात याहून गोड वाक्य कुणी बोललेलं नाही. टोपी पुन्हा दारामागच्या खुंटीवर ठिबकत होती. "पुढच्या वर्षी," बाबा म्हणाले, आणि 'बघू' म्हणाले नाहीत. डब्याचाही निकाल लागला. कोंड्याचा पाव यापुढे साहेब घरी, बायकोच्या डोळ्यांसमोर खाणार आणि ती कडांसकट मोजणार. साहेबांनी तेही कबूल केलं. एकूण सगळं पुन्हा मार्गी लागलं, पाटी हिरवी झाली, आणि आठवडाभर साहेब इतके नम्र राहिले, की ऑफिसात लोकांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी पलीकडच्याचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"साहेब, आमच्याकडे लाल लागली हो. हिरवीची एकदम लाल. काही कळत नाही."

साहेबांची जीभ सवयीने 'शिस्त' म्हणायला वळली होती. त्यांनी ती आवरली. "असं होतं कधी कधी," ते मोठ्या मनाने म्हणाले. "कारण सापडेल हळूहळू."

"कारण सापडलंय. बदकं. आमच्या काठावर अचानक बदकंच बदकं झालीत, आणि हलायला तयार नाहीत. कुणीतरी अक्कलशून्य माणूस त्यांना पाव घालून गेलाय. आमच्या लोकांनी बघितलंय त्याला. शनिवारी आणि रविवारी, दोन दिवस आमच्या टोकाच्या दगडावर ठाण मांडून बसला होता म्हणे."

साहेबांनी खुर्चीत जरा सावरून घेतलं. "चेहरा बघितला का कुणी?"

"चेहरा नाही दिसला. पण सापडेल तो. मांडीपर्यंत केशरी बूट होते म्हणतात. असे बूट घालणारा माणूस लपून किती लपणार?"

"खरं आहे," साहेब म्हणाले. "मीही लक्ष ठेवतो. दिसला की कळवतो."

फोन ठेवला, दार उघडलं, पायरीवर वाळत घातलेले बूट उचलले आणि आत आणून पलंगाखाली सारले.